कंट्रोलचं गाव

आमच्या गावात 'कंट्रोल आलं वं!' अशी आरोळी पडली की बाया हातातलं काम टाकून उठायच्या. भाकरीचं पीठ परातीत तसंच झाकायचं, चुलीतलं लाकूड बाहेर ओढायचं, खुंटीवरची थैली आणि पाटीखालचं कार्ड घ्यायचं आणि निघायचं. कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. दुकानाला कंट्रोल म्हणायचे, दुकानातल्या मालालाही कंट्रोल, आणि तो माल मिळायचा आपला जो हक्क, त्यालाही कंट्रोलच. कंट्रोलची साखर, कंट्रोलचं घासलेट. दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी गिळता गिळवत नव्हती, तीसुद्धा कंट्रोलचीच. माल वाईट असेल, मापात कमी असेल, पण कंट्रोल म्हणजे सगळ्यांना मिळणार. पाटलाला आणि मजुराला एकाच रांगेत. हा शब्द गावाने असा ओळखला होता.

मी कोकणातली. आमच्याकडे सरळ रेशन म्हणायचे, म्हणून मला आधी या शब्दाचं हसू यायचं. पुढे याच शब्दाने आमच्या गावाला जसं फसवलं, त्यानंतर तो हसण्यासारखा राहिला नाही.

सातवीत माझी शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली आणि पाठची भावंडं माझ्या अंगावर आली. पुढे लग्न झालं, नवऱ्याला वर्धा जिल्ह्यात पुलगावला हंगामी काम मिळालं, आणि आम्ही नाचणगावाच्या पलीकडच्या एका लहान गावात खोली घेतली. पुलगावात भाडं परवडत नव्हतं. घरमालक भाजीपाल्याची शेती करणारे. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि पहाटे बैलगाडीत घालून पुलगावच्या बाजारात न्यायचे. घराची कर्ती बाई घरमालकाची आई. तिला सगळं गाव मोठीमाय म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. उंच, काळीसावळी, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर देवळात ऐकू यावी.

या भागात पहिलं बाळंतपण माहेरी करतात. आमच्याकडेही तसंच. पण माझं माहेर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, घाट उतरून, आणि तिथे करायला कोणी नाही. मला दिवस गेले तेव्हा मी रोज काळजीने सुकत होते. मोठीमायने माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "काऊन वं कोकनी, पोटात लेकरू हाये का दगड?"

मी रडत सगळं सांगितलं.

"मंग? येवढ्या दूर पोट घेऊन कायले जातं? ह्येच तुह्यं माहेर समज. मले एक लेक जास्त झाली."

तिने माझं बाळंतपण केलं. मुलगा झाला. तो रांगायला लागला तेव्हा त्याला गोवर आला. दारात कडुनिंबाचा डहाळा बांधला गेला, म्हणजे बाहेरच्या कोणी आत यायचं नाही. मोठीमाय मात्र माझ्या खोलीत ठाण मांडून बसली. तिची स्वतःची दोन लेकरं गोवराने गेली होती. तिने मला ते तेव्हा सांगितलं नाही. माझा मुलगा उठून बसला, त्याने भाताची पेज मागितली, आणि मगच सांगितलं. या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मोजायची माझी ऐपत नाही. पुढचं लिहायचं ते याच कारणाने.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका उन्हाळ्यात गावात जीप आली. परदेशातली एक संस्था आणि आपल्याकडची एक, दोघींनी मिळून काढलेला प्रकल्प, असं सांगितलं गेलं. माणसं आली, घर न् घर मोजलं, कोण कोण आत आहे ते विचारलं आणि दाराच्या चौकटीवर गेरूने आकडे काढून गेली. पोळा झाल्यावर जीप परत आली. शाळेच्या ओट्यावर सभा भरली. डॉक्टर नागपूरचा, तरुण, चष्मेवाला, बोलायला गोड. त्याने सांगितलं की गोवराची सुई निघाली आहे. ही सुई टोचली की लेकराला गोवर येत नाही.

बायांमध्ये कुजबूज झाली. गोवर येतच नाही, असं काही जगात असतं हेच कोणाला माहीत नव्हतं.

डॉक्टर पुढे म्हणाला, आसपासच्या गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आहेत. काही गावांना सुई मिळेल. "आणि तुमचं गाव कंट्रोल आहे."

त्याने हा शब्द उच्चारला आणि सभा उठली. बाया घराकडे पळाल्या. डॉक्टरला वाटलं सभा संपली. तो कागद आवरायला लागला, तोवर बाया परत येऊन ओट्यासमोर रांगेत उभ्या. काखेत लेकरं, हातात रेशनकार्डं. दोघीतिघींनी सवयीने थैल्याही आणल्या होत्या. सगळ्यात पुढे मोठीमाय.

"घ्या. ह्ये आमचं कारड. मानसं सात, पोट्टे तीन."

डॉक्टर आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसायचा थांबला.

"मावशी, ते कंट्रोल नाही. हे वेगळं कंट्रोल."

"येगळं म्हंजे? कंट्रोलचं तं सगळ्यायले भेटते."

"तुमच्या गावात सुई नाही द्यायची. तुमच्या गावाकडे आम्ही फक्त बघणार. सुई घेतलेल्या गावातली मुलं आणि तुमच्या गावातली मुलं, यात काय फरक पडतो ते."

मोठीमायने मागे वळून बायांकडे बघितलं. "आयकलं का वं? पाह्यले येनार म्हनते. नवरी पाह्यते तसं. पोहे खाईन, पोरगी पाहीन अन् निरोप देईन का जमत नाई!"

सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसला. पण कार्डं हातात तशीच राहिली, आणि काहीजणी जीप निघून गेली तरी ओट्याजवळ थांबल्या. माल संपला असेल, उद्या येईल, असं त्यांना वाटत होतं. कंट्रोलच्या दुकानात असंच तर होतं.

प्रकल्पाला प्रत्येक गावात लिहिता-वाचता येणारी बाई पाहिजे होती. आमच्या गावात सातवीपर्यंत शिकलेली मी एकटी. अशी मला नोकरी लागली. आठवड्याला घरोघर फिरायचं, लेकरं कशी आहेत ते विचारायचं, कोणी दगावलं असेल तर कळवायचं. सुटलेल्या शाळेचा असा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. नवऱ्याचं काम हंगामी, आज आहे तर उद्या नाही. त्या पगाराने मुलाला दूध लागलं. मी डॉक्टरची मनापासून ऋणी होते आणि रोज सकाळी उठून मला भीती वाटायची की आज आपल्याला काढून टाकतील. शिकलेल्यांच्या कामात आपण चुकून घुसलोय, कोणाच्या तरी लक्षात येईल.

तरीही एकदा मी डॉक्टरला विचारलंच. "तिकडे परदेशात ही सुई देतात का?"

"देतात की. बरीच वर्षं झाली."

"मग ती लागू पडते हे माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग आपण काय शोधतोय?"

त्याने चष्मा काढून पुसला. अवघड बोलायचं असलं की तो चष्मा पुसायचा. म्हणाला, "इथली मुलं अशक्त. आज गोवरातून वाचलेलं मूल उद्या हगवणीने, परवा आणखी कशाने जाईल, मग इतका खर्च करून सुई देण्यात अर्थ आहे का, असा प्रश्न आहे. वर ज्यांच्या हातात पैसे आहेत त्यांना हे आकड्यात बघायचंय."

म्हणजे आमचं लेकरू वाचवण्यात अर्थ आहे का, हे ठरायचं होतं. मी घरी आले आणि माझ्या मुलाकडे बघत बसले. तो ओसरीवर डबा वाजवत होता. याला गोवर आला तेव्हा मोठीमायने असा प्रश्न विचारला नव्हता.

डॉक्टरच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा, अभ्यास. हा अभ्यास अमुक वर्षं चालेल, अभ्यासात असं चालत नाही, अभ्यास बिघडेल. मला अभ्यास म्हणजे कंदिलाच्या काजळीत पाढे म्हणणं एवढंच ठाऊक. तो माझा अर्धा राहिला होता. आता दुसऱ्या कोणाच्या अभ्यासाची मी पाटी झाले होते.

आता मोठीमायच्या नातीचं सांगते.

मोठीमायची धाकटी लेक नाल्यापलीकडच्या गावात दिली होती. चालत गेलं तर भाकरी गरम पोचेल एवढ्या अंतरावर. ती पहिलटकरीण, म्हणून रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली. उन्हाळ्यात जीपवाली माणसं मोजायला आली तेव्हा ती बाजेवरच होती, कानाला फडकं बांधून, कुशीत लेकरू घेऊन. म्हणून ती आणि तिची मुलगी दोघी आमच्या गावात मोजल्या गेल्या. दिवाळीनंतर ती लेकराला घेऊन सासरी गेली.

तिचं सासरचं गाव सुईचं गाव होतं.

पौषात तिथे सुया द्यायला सुरुवात झाली. ती मुलीला नवं झबलं घालून रांगेत उभी राहिली. टेबलापाशी पोचली. टोचणाऱ्याने कागद बघितला आणि सांगितलं, "ही मुलगी इथली नाही. कंट्रोल गावची आहे."

"अवो, मी इथली सून हावो. माह्यं घर थे दिसते, त्या चिंचेपाशी."

"तुमचं घर इथलं. मुलीचा नंबर तिथला."

आणि तिला बाजूला केलं. तिच्या पुढच्या बाईच्या मुलाला सुई, तिच्या मागच्या बाईच्या मुलाला सुई. मध्ये ही एकटी लेकरू घेऊन बाजूला. ती तशीच चालत माहेरी आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. "जावा म्हनते, तुह्या पोरीत काय खोट हाये का?"

मोठीमाय रडली नाही. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, रेशनकार्ड पदरात बांधलं आणि मला म्हणाली, "चाल. डाक्टरकडं."

वाटेत मला धडकी भरली होती. माझी नोकरी आणि मोठीमायचा आवाज. पण तिला एकटीला पाठवणं माझ्याच्याने झालं नसतं. प्रकल्पाची कचेरी पुलगावात एका भाड्याच्या घरात होती. मोठीमायने आत जाऊन कार्ड टेबलावर ठेवलं.

"डाक्टरसाहेब, पोरीचं लगन झालं का तिचं नाव माह्यरच्या कारडातून कटते अन् सासरच्या कारडात चढते. तहसीलीत दाखला भेटते. तुमच्या कंट्रोलातून माह्या नातीचं नाव काटा अन् तिच्या बापाच्या गावात चढवा. काय लागन थो कागद आनतो."

यात चूक काय होती? मला आजही सापडत नाही. सरकारच्या तहसील कचेरीची लोकांना काय धास्ती, पण तिथेसुद्धा एवढी अक्कल होती की बाई नवऱ्याच्या घरी जाते आणि लेकरू बापाच्या घरचं असतं.

डॉक्टर म्हणाला, "मावशी, ज्याला जिथे मोजलं तो शेवटपर्यंत तिथलाच. नियमच तसा आहे."

मी घाबरत घाबरत बोलले, "डॉक्टर, या भागात पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मग सगळ्याच पहिलटकरणींची मुलं..."

"मला माहीत आहे," तो एकदम म्हणाला. "माझा मुलगा आजोळी जन्मला, मला माहीत नसेल? मी कळवलं होतं वर. उत्तर आलं की मध्येच काही बदलायचं नाही. एकाला सूट दिली की दुसऱ्याला द्यावी लागेल. अभ्यास बिघडतो."

"पोरगी बिघडली तं चालते?" मोठीमायने विचारलं.

तो चष्मा पुसत राहिला. मोठीमायने कार्ड उचललं, पुन्हा पदरात बांधलं आणि बाहेर पडली. मला त्याचा राग आला, आणि तो माझा अन्नदाता होता याचाही आला. तो वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. नियम दूर कुठेतरी लिहिला होता. लिहिणाऱ्याने कधी माहेरी आलेली लेक बघितली नव्हती, आणि ज्याने बघितली होती त्याला खोडायचा अधिकार नव्हता.

तुरीच्या शेंगा भरल्या होत्या त्या दिवसांत परदेशी पाहुणा आला. प्रकल्पाच्या मोठ्या साहेबांपैकी एक. उंच, लाल, सारखा घाम पुसणारा, वागायला फार नम्र. डॉक्टरने त्याला गाव दाखवलं आणि मोठीमायच्या अंगणात आणलं. मोठीमायने बाजेवर घोंगडी टाकली, उकडलेल्या शेंगा दिल्या, वांग्याचं भरीत आणि भाकर दिली. पाहुण्याने मिरचीने डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्लं. दारी आलेल्याला आधी खाऊ घालायचं, मग विचारायचं, ही तिची पद्धत. त्याचे हात धुऊन झाल्यावर तिने विचारलं.

"डाक्टर, साहेबाले इचारा, पोट्टे किती?"

दोन, असं उत्तर आलं.

"त्यायले गोवराची सुई देल्ली का?"

साहेबाने हसून मान हलवली. दोघांना दिली आहे.

"मंग त्यायच्या गावात कंट्रोल कोन होतं?"

डॉक्टरने हे साहेबाला लगेच सांगितलं नाही. मोठीमाय म्हणाली, "सांगा नं. म्या शिवी नाई देल्ली."

त्याने सांगितलं. साहेबाचं हसू मावळलं. तो बराच वेळ बोलला. डॉक्टरने त्याचं थोडक्यात केलं: तिकडेही फार पूर्वी काही मुलांना देऊन आणि काहींना न देऊन बघितलं होतं, पण ते सुई लागू पडते की नाही हे माहीत नव्हतं तेव्हा.

"आता माहीत हाये नं?"

"माहीत आहे."

"मंग?"

डॉक्टरने हा 'मंग' इंग्रजीत कसा केला मला कळलं नाही. बहुतेक केलाच नाही. साहेबाने मोठीमायला हात जोडून नमस्कार केला. तिनेही केला. जीप गेली. अंगणात शेंगांची टरफलं पडली होती, ती मोठीमायने म्हशीला घातली.

गोवर आला तो ऊन तापायला लागल्यावर. आमच्या गावात दारोदार कडुनिंब लागला. त्याच दिवसांत मोठीमायच्या घरी लग्न होतं, म्हणून नात आईबरोबर आमच्याकडे आलेली. नुकती धरून उभी राहायला लागली होती. मोठीमायच्या लुगड्याचा काठ धरून चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जायची आणि उंबऱ्यावर पोचली की स्वतःच टाळ्या वाजवायची. तिला ताप आला, डोळे लाल झाले, अंगावर पुरळ उठलं. मोठीमायने स्वतःच्या हाताने दारात डहाळा बांधला आणि मला बाहेरूनच म्हणाली, "माता आली वं."

पुरळ गेलं तरी ताप जाईना. मग हगवण लागली. मग पोरगी उजेडात डोळे उघडेना. जबरदस्तीने उघडून बघितला तर एका डोळ्याच्या बुबुळावर साय धरल्यासारखी. मी सायकल मागून घेतली, पुलगावला गेले आणि डॉक्टरला सांगितलं. त्याने काही न विचारता जीप काढली. स्वतः चालवत आला, पोरीला घेऊन सेवाग्रामला पोचवलं. हेही लिहायला पाहिजे. जी जीप तिला टोचायला आली नाही, तीच तिला न्यायला आली.

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी फार मेहनत घेतली. पोरगी वाचली. एक डोळा वाचला. दुसऱ्यात फूल पडलं, पांढरं, वाटोळं. मोठीमायने केळझरच्या गणपतीला नवस बोलला होता, तो फेडायला ती पोरीला कडेवर घेऊन गेली. मी म्हटलं, डोळा तर गेला, मग नवस कशाचा? म्हणाली, "दुसरा ठेवला नं बापा त्यानं. त्याले काय अभ्यास करायचा होता?"

त्या गोवरात गावातली काही लेकरं गेली. त्यांच्या घरी मीच विचारायला जायची. काय विचारायची, ते आता लिहवत नाही. एका आईने मला दारातच म्हटलं होतं, "पाह्यलं नं? जाय सांगून दे त्यायले, बराबर पाह्यलं म्हना."

प्रकल्पाचा तपासणारा माणूस नंतर आला. माझ्याबरोबर घरोघर फिरला. मोठीमायच्या दारी त्याने नंबर बघितला आणि विचारलं, "मूल जिवंत आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"पुढचं घर."

"तिचा डोळा गेलाय गोवरात."

"ते आपल्या प्रश्नात नाही, बाई. आपला प्रश्न जिवंत की मृत."

पोरगी ओसरीवरच होती. वाचलेल्या डोळ्याने त्याच्या घड्याळाकडे बघत होती. त्याच्या हिशेबात तिला काहीही झालेलं नव्हतं. आमच्या गावाच्या वाट्याला जे आलं त्यातलं तिचं दुःख मोजण्याइतकंही नव्हतं. तुम्ही बघायला आला होतात ना? मग बघा तरी! मी हे मोठ्याने बोलले की मनात, आठवत नाही. तो पुढच्या घरी गेला.

शेवटी पुलगावात सभा झाली. टेबलावर हार, भिंतीवर तक्ते. निष्कर्ष सांगितला गेला की सुई दिलेल्या गावांत मुलं कमी दगावली. टाळ्या वाजल्या. कंट्रोल गावांचे विशेष आभार मानले गेले, त्यांच्या सहकार्याशिवाय हा अभ्यास होऊच शकला नसता. मोठीमाय माझ्या शेजारी बसली होती. ती उभी राहिली.

"मंग आता आमचा माल कवा येईन?"

व्यासपीठावर कुजबूज झाली. उत्तर आलं की या अभ्यासापुरता निधी होता, तो संपला. आता निष्कर्ष सरकारकडे, मोठ्या संस्थांकडे जातील, पुढे धोरण ठरेल.

"अन् तवापर्यंत आमी काय कराचं?"

डॉक्टर खाली बघत होता. चहा आला. मोठीमायने घेतला नाही, आणि दारी आलेल्याला कधी उपाशी न पाठवणाऱ्या त्या बाईने चहा नाकारला याचा अर्थ त्या सभेत फक्त मला कळला.

माझी नोकरी संपली. त्या पगाराची मी अजून ऋणी आहे, आणि त्या ऋणापायी गप्प बसावं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही. मला सुईचा राग नाही. शोध करण्याचाही नाही. शोध केला नसता तर सुई कुठून आली असती? पण उत्तर खिशात असताना प्रश्न विचारायला आमच्या दारी यायचं, आणि उत्तर पुन्हा मिळालं की खिशात घालून निघून जायचं, याला शोध म्हणतात हे मला कोणी समजावून सांगावं. मी सातवी शिकले आहे, मला कळेल असं सांगावं. चौकटीवरचे गेरूचे आकडे दिवाळीला चुना लावेपर्यंत होते. मोठीमायच्या घरचा आकडा एका चुन्याने गेला नाही, खालून लाल दिसत राहिला.

पुढे ऐंशीच्या दशकात उशिरा सरकारची सुई आली. जीप नाही, सभा नाही. एक नर्स बसमधून उतरली, खांद्याला बर्फाचा डबा लटकावून, आणि शाळेच्या त्याच ओट्यावर बसली. मोठीमाय आता वाकली होती, पण आवाज तोच होता. तिने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक दिली.

"कंट्रोल आलं वंऽऽ!"

बाया आल्या. तरुण सुनांना वाटलं साखर आली, त्या थैल्या घेऊन आल्या आणि हसत लेकरं आणायला परत गेल्या. मोठीमायची लेक त्या वेळी दोन दिवसांसाठी माहेरी आली होती, दुसरं लेकरू, मुलगा, मांडीवर. आणि ती पोरगी, आता शाळेत जाणारी, भावाचं टोपडं धरून शेजारी उभी. मोठीमायने नातवाला स्वतःच्या कडेवर घेतलं आणि ओट्याशी गेली. पण पुढे हात करीना. नर्स वाट बघत होती.

"मावशी, द्या ना बाळाला."

"हा इथचा नाई," मोठीमाय म्हणाली. "नाल्यापलीकडचा हाये. चालते काय?"

नर्सला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"याचा बाप त्या गावचा. हा इथं पाव्हना आला हाये. कोन्त्या गावचं लेकरू लागते तुमाले?"

"कुठल्याही गावचं, मावशी. नऊ महिने झालेत ना? बस. दंड धरा त्याचा."

सुई टोचली. पोरगा किंचाळला. पोरीने मान वळवून वाचलेल्या डोळ्याने नीट बघितलं आणि म्हणाली, "आजी, झालं बी?"

हो, झालं होतं. एवढंच होतं ते.

मोठीमाय तिथेच उभी राहिली. मागच्या बाया खोळंबल्या. तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नर्सकडे बघून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मंग तवा काऊन नाई?"

ती बिचारी नर्स, विशी-बाविशीची, हातात सुई तशीच. तिला वाटलं म्हातारी आपल्यालाच रागावली.

"मावशी," ती म्हणाली, "मी तेव्हा शाळेत होते."